प्रकाशीय तंतूची केबल : टाकणी, जोडणी आणि तपासणी

तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी बिघडू लागला, की त्याचा सुगावा सर्वांत आधी बोलणाऱ्याच्या कानालाच लागत असे. खरखर वाढे, आवाज खोल जाई, कधी तिसऱ्याच कोणाचे बोलणे मध्ये ऐकू येई आणि तक्रार नोंदवली जाई. प्रकाशीय तंतूची, म्हणजे व्यवहारात ज्याला सगळे नुसते फायबर म्हणतात त्याची, रीत वेगळी आहे. त्यातून जाणारी माहिती शून्य आणि एक या दोनच अंकांची असते आणि ते दोन अंक वेगळे ओळखता येण्याइतका प्रकाश पलीकडच्या ग्राही यंत्राला मिळत राहिला, की जोडणी ठणठणीत आहे की कशीबशी तग धरून आहे, हे वापरणाऱ्याला समजायला काही मार्ग उरत नाही. केबल टाकताना राहून गेलेला दोष त्यामुळे महिनोन्‌महिने दडून राहतो आणि पुढे एखादा जॉइंट ओला झाला किंवा रस्त्याच्या कामात केबल तुटून आणखी एक जोड वाढला, की सगळा मार्ग एकदम बंद पडतो. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला म्हणजे काम झाले, ही समजूत या व्यवसायात जेवढी पसरलेली आहे तेवढीच ती महागात पडणारी आहे.

दूर अंतरासाठी वापरला जाणारा तंतू हा शुद्ध सिलिका काचेचा, १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढ्या व्यासाचा असतो. त्याच्या मधोमध सुमारे ९ मायक्रोमीटरचा गाभा असतो आणि त्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतीच्या काचेपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असल्यामुळे प्रकाश गाभ्यातच राहून पुढे सरकतो. इतक्या बारीक गाभ्यातून प्रकाशाचा एकच मार्ग संभवतो, म्हणून या प्रकाराला सिंगल मोड म्हणतात. इमारतीच्या आतील थोड्या अंतरांसाठी ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटर गाभ्याचा मल्टिमोड तंतूही असतो, पण या प्रकरणात त्याचा विचार केलेला नाही. काचेवर रेझिनचा थर चढवून तंतू सुमारे २५० मायक्रोमीटरचा होतो, आणि असे अनेक तंतू जेलीने भरलेल्या सैल नळ्यांत ठेवून, त्या नळ्या एका ताठ दांड्याभोवती पीळ देऊन गुंडाळून, वर ताण सोसणारे धागे आणि प्लॅस्टिकचे वेष्टन चढवले की केबल तयार होते. नळ्यांना दिलेला हा पीळ पुढे दोष शोधताना मोठा घोळ घालतो. त्याकडे नंतर यायचेच आहे.

प्रकाशाची घट डेसिबल या एककात मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे प्रकाशाचा दहावा भाग उरला, २० डेसिबल म्हणजे शंभरावा. ३ डेसिबल म्हणजे निम्मा. टक्क्यांऐवजी हे एकक घेण्याचे कारण असे, की एकामागून एक येणाऱ्या घटींचा टक्क्यांत गुणाकार करावा लागतो, तर डेसिबलमध्ये नुसती बेरीज पुरते. १९६६ साली इंग्लंडमधील हार्लो येथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले, की काचेतील घट मूळ काचेमुळे नसून तिच्यातील अशुद्धींमुळे आहे आणि ती किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणता आली तर काचेचा तंतू संदेशवहनाला उपयोगी पडेल. त्या वेळच्या चांगल्या तंतूत ही घट किलोमीटरला १,००० डेसिबलच्या घरात होती. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट माउरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये २० डेसिबलची मर्यादा ओलांडून दाखवली, आणि काओ यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारा पहिला प्रकाशीय तंतूचा मार्ग १९७९ साली पुण्यात सुरू झाला. आज छत्रपती संभाजीनगर येथे तंतूचे कारखाने आहेत आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या सिंगल मोड तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल घट होते. म्हणजे १५ किलोमीटर काच ओलांडूनही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काच इतकी निर्मळ झाल्यावर घटीचा प्रश्न कारखान्यातून निघून चराच्या काठावर येऊन बसला. एक बिघडलेला कनेक्टर सहज १ डेसिबल खातो, आणि ते ५ किलोमीटर काच फुकट घालवण्यासारखे आहे.

कामाची सुरुवात खोदाईपासून होते असे मानले जाते, पण नीट कामात तिच्याही आधी एक पायरी असते. केबल लाकडी किंवा लोखंडी ड्रमवर, बहुधा २ ते ४ किलोमीटरच्या लांबीत येते आणि वाहतुकीत ड्रम आडवा पडणे, गाडीवरून खाली ढकलला जाणे हे प्रकार नवे नाहीत. म्हणून प्रत्येक ड्रमवरील प्रत्येक तंतू केबल जमिनीत जाण्याआधी तपासून त्याची नोंद करावी लागते. केबल पुरल्यानंतर तंतू तुटलेला निघाला, तर तो कारखान्यात तुटला, वाटेत तुटला की टाकताना तुटला, याचा निवाडा कोणालाच करता येत नाही, आणि भुर्दंड मात्र कोणाला तरी बसतोच.

दूरसंचार विभागाच्या कामांत आणि पुढे २०११ साली मंजूर झालेल्या, आज भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या योजनेत साध्या जमिनीतील चराची प्रमाणित खोली १६५ सेंटिमीटर धरलेली आहे. नांगर, पाइपलाइनची खोदाई, रस्त्याच्या कडेची डागडुजी यांच्या आवाक्याबाहेर केबल राहावी, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात मात्र हा आकडा कागदावर सोपा आणि जमिनीवर अवघड ठरतो, कारण दख्खनच्या पठारावर कित्येक ठिकाणी हातभर मातीखाली काळा पाषाण लागतो. तिथे खोली कमी करण्याची मुभा असते. पण मग केबलची नळी लोखंडी पाइपात घालावी लागते किंवा तिच्यावर काँक्रीट ओतावे लागते, आणि खोली कमी करून हे संरक्षणही गाळले जाणे हाच खडकाळ भागातील केबल तुटण्याचा ठरलेला मार्ग आहे. चराचा तळ सपाट असणे आणि बुजवताना नळीभोवती आधी दगड नसलेली मऊ माती पडणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात; पण जेसीबीने एकदम लोटलेल्या मुरमातील टोकदार दगड नळीला एका जागी दाबून धरतो, नळी तिथे चपटी होते आणि पुढे तिच्यातून केबल जाईनाशी होते. नळीच्या वर काही अंतरावर रंगीत इशारा पट्टी अंथरतात, म्हणजे पुढच्या खोदणाऱ्याला नळीच्या आधी पट्टी लागते. पट्टी नळीला चिकटूनच टाकली, तर ती दिसेपर्यंत खोदणाऱ्याचा घाव बसलेला असतो.

केबल थेट मातीत न पुरता आधी जाड पॉलिथिनची नळी, म्हणजे डक्ट, पुरतात. भारतात सर्रास वापरली जाणारी डक्ट बाहेरून ४० आणि आतून ३३ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिच्या आतल्या अंगाला कायमस्वरूपी गुळगुळीत थर दिलेला असतो. या डक्टमध्ये केबल ओढण्याऐवजी ती फुंकण्याची पद्धत आता रूढ आहे. डक्टच्या तोंडाशी बसवलेले यंत्र केबलला पट्ट्यांच्या साहाय्याने आत ढकलते आणि त्याच वेळी कॉम्प्रेसरमधून दाबाखालची हवा सोडली जाते. वेगाने पुढे धावणारी हवा केबलच्या सबंध लांबीवर थोडीथोडी ओढ निर्माण करते, त्यामुळे ताण एका टोकाला एकवटत नाही आणि एका दमात किलोमीटरहून अधिक केबल आत जाऊ शकते. अर्थात त्याआधी डक्टमधून स्पंजचा बोळा आणि मग ठरावीक जाडीचा ठोकळा हवेने पाठवून ती आतून मोकळी असल्याची खात्री करावी लागते.

हाताने ओढायची वेळ आली, तर दोर केबलच्या वेष्टनाला न बांधता आतील ताण सोसणाऱ्या घटकाला बांधतात आणि दोर व केबल यांच्यामध्ये मोकळेपणी फिरणारा आकडा ठेवतात, म्हणजे दोराचा पीळ केबलमध्ये उतरत नाही. बाहेरच्या केबलसाठी ओढीची मर्यादा बहुधा २,७०० न्यूटनच्या आसपास असते. नेमका आकडा उत्पादकाच्या कागदावर पाहावा. मधल्या चेंबरपाशी उरलेली केबल जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात पसरतात, कारण साध्या गोल वेटोळ्यात प्रत्येक फेऱ्याला एक पीळ चढत जातो आणि आठच्या आकारात एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूला सुटतो. वाकवण्याचा नियम जुना आणि सोपा आहे : ताणाखाली असताना केबलच्या व्यासाच्या २० पटींहून लहान त्रिज्येत ती वळवू नये आणि जागेवर स्थिरावल्यावर १० पटींहून लहान त्रिज्येत ठेवू नये. वळण फार तीव्र झाले, तर प्रकाश गाभ्यातून बाहेर गळतो. आणि काचेवर नजरेला न दिसणारे बारीक तडे असतील, तर ते सततच्या ताणाने हळूहळू वाढत जाऊन तंतू काही वर्षांनी, वरकरणी कोणतेही कारण नसताना तुटतो.

दोन ड्रमच्या केबली जिथे भेटतात, तिथे जॉइंट करावा लागतो, आणि या कामाचे सगळे कसब त्या अर्ध्याएक चौरस मीटरच्या टेबलावर दिसते. नळ्यांतील जेली पुसून तंतू रंगांच्या क्रमाने मोकळे करतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा हा क्रम काम करणाऱ्यांना तोंडपाठ असतो. जोडायच्या दोन तंतूंपैकी एकावर प्रथम संरक्षक बाही सरकवतात. उष्णतेने आकसणारी ही प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यातील पोलादी काडी यांनी पुढे जोडाला आधार द्यायचा असतो, आणि ती आधी सरकवायची राहिली तर झालेला जोड तोडण्यावाचून इलाज नसतो. मग टोकाचे रेझिन सोलून उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. यानंतरची पायरी क्लीव्हिंगची, म्हणजे टोक सपाट करण्याची. क्लीव्हरचे कठीण पाते काचेला कापत नाही. ते फक्त एक ओरखडा काढते, आणि वाकवल्यावर काच त्या ओरखड्यापासून आरशासारखी साफ फुटते. फुटलेल्या पृष्ठाचा तिरकसपणा १ अंशाच्या आत असावा लागतो. फ्यूजन स्प्लायसर हे यंत्र दोन्ही टोके दोन दिशांनी कॅमेऱ्यात दाखवते, मायक्रोमीटरच्या अंशापर्यंत समोरासमोर आणते आणि दोन इलेक्ट्रोडमधील विजेच्या ठिणगीने काच वितळवून एकजीव करते. सगळा प्रकार काही सेकंदांचा. त्यात वेळ लागतो तो तयारीलाच.

जोड झाल्यावर पडद्यावर ०.०२ डेसिबल असा आकडा उमटतो, आणि अनेक जण तोच अहवालात उतरवून मोकळे होतात. हा आकडा मोजलेला नसतो. यंत्राने जोडाच्या चित्रावरून, कडा किती सरळ जुळल्या यावरून, बांधलेला तो अंदाज असतो, आणि जोडातून प्रत्यक्ष किती प्रकाश पार झाला याच्याशी त्याचा संबंध दुरूनच येतो. ठिणगीची ताकद हवेचा दाब, दमटपणा आणि इलेक्ट्रोडची झीज यांनुसार बदलते. म्हणून किनारपट्टीवर लावून घेतलेले यंत्र घाट चढून वर नेले, की त्याच्या ठिणगीचे अंशांकन पुन्हा करावे लागते. जोडलेले तंतू ट्रेमध्ये सैल वळणांनी मांडून वरची पेटी पाणी शिरणार नाही अशी बंद करतात आणि दोन्ही बाजूंना काही मीटर केबल चेंबरमध्ये वेटोळे करून राखून ठेवतात, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पेटी बाहेर काढून टेबलापर्यंत आणता येते. सोललेल्या काचेचे तुकडे इथेतिथे न टाकता झाकणाच्या डबीत टाकायचे असतात. कातडीत घुसलेला तुकडा दिसतही नाही आणि निघतही नाही.

मार्गाच्या दोन टोकांना कनेक्टर येतात, आणि तिथे शत्रू असतो धूळ. ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यावर तेवढाच कण बसला, तर वाट जवळपास बंद होते. शिवाय दोन कनेक्टर दाबून बसवल्यावर मधला कण काचेत रुततो आणि ओरखडा कायमचा राहतो, म्हणून आधी सूक्ष्मदर्शकातून पाहणे, अस्वच्छ असेल तर पुसणे, पुन्हा पाहणे आणि मगच जोडणे हा क्रम पाळावा लागतो. नव्या कनेक्टरवरची टोपी नुकतीच काढली, म्हणून तो स्वच्छ असेल हे गृहीत धरता येत नाही. हिरव्या रंगाच्या कनेक्टरचे टोक ८ अंश तिरके घासलेले असते आणि निळ्याचे सरळ. हिरवा निळ्यात घातला तर तो बसतो, पण काचा एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि मोठी घट होते. सूक्ष्मदर्शक लावण्याआधी तंतू मृत असल्याची खात्री करणे ही डोळ्याच्या जिवाची गोष्ट आहे, कारण संदेशवहनाचा प्रकाश अवरक्त असतो आणि तो डोळ्याला दिसत नसला तरी इजा करतो.

तपासणीचे दोन प्रकार आहेत आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. पहिला सरळ : एका टोकाला प्रकाशस्रोत, दुसऱ्या टोकाला पॉवर मीटर, आणि मधल्या मार्गाने किती प्रकाश खाल्ला याचे मोजमाप. त्यासाठी प्रथम स्रोत आणि मीटर एकाच चाचणी कॉर्डने जोडून शून्य लावतात, मग स्रोताकडचे टोक न हलवता मार्ग मध्ये घेतात. शून्य चुकीचे लागले, तर कधीकधी मार्गात घट होण्याऐवजी वाढ झाल्याचे दिसते, आणि निर्जीव काच प्रकाश वाढवू शकत नाही एवढे आठवले तरी चूक पकडता येते. मोजलेला आकडा कशाशी ताडायचा, हे आधी कागदावर ठरलेले असावे लागते. २ किलोमीटरच्या १२ लांबींचा, २४ किलोमीटरचा मार्ग घेतला, तर १३१० नॅनोमीटरला काचेची घट किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ८.४ डेसिबल, मधले ११ आणि टोकांचे २ असे १३ जोड, प्रत्येकी ०.१ प्रमाणे १.३, दोन कनेक्टर, प्रत्येकी ०.५ प्रमाणे १, एकूण १०.७. मीटरवर १४ आले, तरी यंत्रे बहुधा चालतीलच, कारण त्यांच्यात काही डेसिबलची राखीव क्षमता ठेवलेली असते. पण ती राखीव क्षमता तंतूच्या वार्धक्यासाठी आणि भविष्यातील दुरुस्तीच्या जोडांसाठी असते; काम करणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी खर्चून टाकणे योग्य नाही. घरोघरी फायबर पोचवणाऱ्या जाळ्यात तर ही चैन मुळीच परवडत नाही. तिथे प्रचलित वर्गात एकूण २८ डेसिबलची मुभा असते आणि एका तंतूचे ३२ घरांत वाटप करणारा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डेसिबल घेऊन जातो.

दुसरी तपासणी ओटीडीआर या यंत्राने होते. हे यंत्र तंतूच्या एकाच टोकाला लावतात. ते प्रकाशाचा अत्यंत अल्प काळाचा स्पंद आत सोडते आणि काचेच्या कणाकणावरून विखरून उलट परतणारा क्षीण प्रकाश टिपत राहते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे १ किलोमीटरवरची चाहूल १० मायक्रोसेकंदांनी परत येते. वेळेवरून अंतर काढून यंत्र एक उतरती रेषा आखते. सलग उतार म्हणजे काच, छोटी पायरी म्हणजे जोड, टोकदार उसळी म्हणजे कनेक्टर किंवा तुटलेले टोक. स्पंद जितका लांब, तितके दूरचे दिसते. पण १ मायक्रोसेकंदाचा स्पंद काचेत सुमारे १०० मीटरचा तपशील पुसून टाकतो, तर १० नॅनोसेकंदांचा १ मीटरपर्यंतचा. यंत्राच्या स्वतःच्या कनेक्टरवरून येणाऱ्या प्रखर परावर्तनाने सुरुवातीचा भाग आंधळा होतो, म्हणून यंत्र आणि मार्ग यांच्यामध्ये जादा तंतूचे एक वेटोळे घालतात. ते नसेल तर मार्गाचा पहिलाच कनेक्टर तपासला गेला असे म्हणता येत नाही.

ओटीडीआरची रेषा वाचण्यात फसगत होण्याच्या जागा बऱ्याच आहेत. दोन वेगळ्या उत्पादनांचे तंतू जोडले, तर त्यांची प्रकाश विखुरण्याची क्षमता थोडी निराळी असल्यामुळे एका बाजूने पाहता जोडावर ०.२५ डेसिबल घट आणि दुसऱ्या बाजूने ०.१५ डेसिबल वाढ दिसू शकते. खरे मूल्य दोन्हींची सरासरी, म्हणजे ०.०५, तेव्हा एकाच बाजूने पाहून पहिला जोड तोडणारा आणि दुसऱ्याचे कौतुक करणारा, दोघेही चुकतात. दोन तरंगलांबींनी मोजण्यालाही असेच कारण आहे. जोड वाईट असेल, तर १३१० आणि १५५० नॅनोमीटरला घट साधारण सारखी येते. पण १३१० ला नगण्य असलेली घट १५५० ला ठळक दिसली, तर तिथे तंतू कुठेतरी तीव्र वळला आहे, बहुधा पेटीच्या झाकणात चेपला गेला आहे, असे समजावे. अशा ठिकाणी पुन्हा स्प्लायसिंग करण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा झाकण उघडून ट्रे पाहणे शहाणपणाचे.

केबल तुटली आणि ओटीडीआरने १८.४ किलोमीटर असे सांगितले, तर रस्त्यावर १८.४ किलोमीटर मोजून खोदणाऱ्याला केबल सापडेल, पण तुटलेली जागा सापडेलच असे नाही. यंत्र तंतूची लांबी सांगते. पिळलेल्या नळ्यांमुळे तंतू केबलपेक्षा एखाद्या टक्क्याने, कधी त्याहूनही अधिक लांब असतो. केबल चेंबरांमधील वेटोळ्यांमुळे चरापेक्षा लांब असते. आणि यंत्रात भरलेला अपवर्तनांक, जो साधारण १.४६८ असतो, ०.०१ ने चुकला तरी २० किलोमीटरवर सुमारे १३५ मीटरचा फरक पडतो. या सगळ्यांवर उपाय म्हणजे दोष टोकापासून न मोजता जवळच्या ज्ञात जॉइंटपासून मोजणे, म्हणजे चूक १८ किलोमीटरवर न साचता काहीशे मीटरपुरती राहते. पण त्यासाठी तो जॉइंट तंतूच्या मोजपट्टीवर कुठे होता, त्याच्या चेंबरमध्ये किती मीटर केबल राखली होती आणि केबलच्या वेष्टनावर दर मीटरला छापलेला कोणता आकडा तिथे होता, हे टाकणीच्या दिवशी लिहून ठेवलेले असावे लागते. हस्तांतरणाच्या कागदांत म्हणून प्रत्येक तंतूच्या दोन्ही बाजूंनी, दोन्ही तरंगलांबींना घेतलेल्या ओटीडीआर नोंदींच्या मूळ फाइली, पॉवर मीटरचे आकडे, जॉइंटनिहाय रंगांचा तक्ता आणि मार्गाचा नकाशा हे सर्व मागावे. नुसत्या छापील चित्रांवर समाधान मानू नये, कारण मूळ फाइल असेल तरच दुरुस्ती करणाऱ्याला नवी रेषा जुन्या रेषेवर ठेवून कोणता जोड नवा आणि कोणता खचलेला हे पाहता येते.